वाढ नाही

३ फेब्रुवारी, मंगळवार

टिंब्या,

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. फोन कापता येतो. पत्र फार तर फाडता येतं, आणि तू ते फाडणार नाहीस एवढं मी तुला ओळखते. दुकानाच्या पत्त्यावर कुरियरने पाठवते आहे. गिऱ्हाइकांसमोर उघडू नकोस.

विशेष काही नाही. तुझ्या बाबांच्या पायाला जरा लागलंय. एका शाळेच्या फाटकावरचा बोर्ड नव्याने रंगवायचा होता. जुनी लोखंडी चौकट उतरवताना ती निसटली आणि पावलावर आली. साखर आहेच त्यांना, त्यामुळे जखम भरायला वेळ घेते आहे. आमच्याच इस्पितळात दाखल केलंय. ते वरच्या मजल्यावर आणि मी तळघरात. लग्न झाल्यापासून दिवसभर एका छपराखाली राहायची ही पहिलीच वेळ, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सला सांगत असतात.

मी ठीक आहे. अजून मीडियातच आहे. परवा वॉर्डातल्या एका बाईने विचारलं, तुम्ही काय करता? मी म्हटलं, मीडियात असते. तर बाई घाईघाईने केस सारखे करून बसल्या, जसा काही मागून कॅमेराच येणार होता. मग मी सांगितलं की आमच्याकडे मीडिया म्हणजे जंतूंचं जेवण. त्यानंतर त्यांनी माझ्या हातचं पाणी घेतलं नाही.

तू कधी आत आला नाहीस. आला असतास तर कळलं असतं की आईचं काम म्हणजे स्वयंपाकच आहे. समुद्री शेवाळाची पूड, मांसाचा अर्क आणि मीठ पाण्यात कालवायचं, मोठ्या कुकरसारख्या यंत्रात शिजवायचं, हाताला सोसेल इतकं निवलं की मेंढीचं रक्त घालायचं आणि चपट्या ताटल्यांत ओतायचं. रक्त गरम असतानाच पडलं तर सगळं तपकिरी होतं, त्याला 'चॉकलेट' म्हणतात. काही जंतूंना तेच लागतं, भारी नखरे त्यांचे. लहानपणी 'आज चॉकलेट केलं' असं माझ्या तोंडून निघालं की तू माझी पिशवी उपसायचास, आठवतं का?

तर काल यांच्या जखमेतला पू मॅडमनी माझ्या ताटलीवर ओढला. मॅडम म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. आज सकाळी ताटली उघडली. वाढ भरपूर आहे.

बाबांनी तुझं नाव घेतलेलं नाही. पण सलाइनचे थेंब पडताना बघत होते आणि पुटपुटत होते, "टिंब... टिंब... टिंब." सगळा बोर्ड स्वतः रंगवून शेवटी तुला शिडीवर चढवायचे आणि अनुस्वाराची टिंबं तेवढी तुझ्याकडून द्यायला लावायचे, तेच डोक्यात असणार. मी विचारलं, काय म्हणालात? तर म्हणाले, काही नाही, झोप येतेय.

जमलं तर एखाद्या रविवारी ये.

आई


६ फेब्रुवारी, शुक्रवार

टिंब्या,

मागच्या पत्रात 'जरा लागलंय' लिहिलं होतं. त्यातलं 'जरा' खोडून टाक.

ताटलीवर जंतू वाढला म्हणजे काम संपत नाही. तो दुसऱ्या ताटलीवर सगळीकडे सारखा पसरवतात आणि वर कागदाच्या बारीक चकत्या ठेवतात. एकेका चकतीत एकेक औषध मुरवलेलं असतं. ताटली रात्रभर उबेत राहते. जे औषध लागू पडतं त्याच्या चकतीभोवती जंतू येत नाही, स्वच्छ वर्तुळ उरतं. मग म्हणायचं, जंतू या औषधाला सेन्सिटिव्ह. आमच्याकडे सेन्सिटिव्ह म्हणजे मनाला लावून घेणारा नाही, मरणारा. आणि वर्तुळ नसलं तर रेझिस्टंट. वर्तुळं मोजायचं काम मॅडमचं. पण वर्तुळ नाहीच, हे बघायला पट्टी लागत नाही.

यांच्या ताटलीवर वर्तुळं नव्हती. चकत्यांना खेटून जंतू बसला होता. एका चकतीभोवती तेवढी केसभर कड मोकळी दिसत होती. ते औषध आता सुरू केलंय, पण ते मूत्रपिंडांना जड जातं म्हणे. मॅडमनी ताटली झाकली आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही आज घरी जा." मी गेले नाही. घरी जाऊन काय करू?

हा आला कुठून, असंही विचारलं मी. त्या गंजक्या चौकटीतून, की वॉर्डातल्या बेसिनमधून, की आपल्या घरातल्या त्या डब्यातून? तुला तो डबा माहीत आहे. बरं वाटलं की यांनी औषध थांबवायचं, उरलेल्या गोळ्या डब्यात टाकायच्या, आणि पुढच्या तापाला रंग बघून त्यातलीच एक काढायची. मी कितीदा कानीकपाळी ओरडले असेन. मॅडम म्हणाल्या, आता ते सांगता येणार नाही. डबा मी रिकामा करून आणला, तरी राग काही गेला नाही.

पण लिहायचं होतं ते वेगळंच. काल डॉक्टरांचा राउंड होऊन गेल्यावर मी वर गेले, तर हे उशीला टेकून बसलेले. चेहरा कसा खुललेला!

"अगं, ऐकलंस का? मी रेझिस्टंट निघालो."

"कोण म्हणालं?"

"मोठे डॉक्टर. त्या शिकाऊ पोरांना दाखवत होते मला. म्हणाले, हे बघा, सगळ्यांना रेझिस्टंट, अशी केस क्वचित मिळते. मिळेल कशी? आयुष्यभर टर्पेंटाइनमध्ये हात बुडवलेत मी. आपल्यापुढे जंतूंची काय टाप!"

शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा रिपोर्ट सेन्सिटिव्ह आला होता. हे त्याची समजूत घालत होते. "मनावर नका घेऊ. असतं एखाद्याचं अंग नाजूक." आणि तो बापडा मान हलवत होता.

मला हसू आलं, टिंब्या. खरंच आलं. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. बाहेर येताना सांगायचंच असं ठरवलं होतं. पण रस्त्यात पहिला फ्लेक्स लागला त्या दिवसापासून 'तू भक्कम आहेस' असं या माणसाला कुणी म्हटलं नव्हतं, आणि आता मोठ्या डॉक्टरांनी म्हटलंय असं त्याला वाटतंय. माझ्याच्याने तोंड उघडवेना.

तुला दोष देत नाही मी. तू समोरच्या गाळ्यात फ्लेक्स छापायचं मशीन आणलंस, त्यात काही पाप नव्हतं. हातात कला आहे म्हणून माणसाने उपाशी मरायचं, असं कुठे लिहिलेलं नाही. पण ज्यांचे बोर्ड यांनी रंगवले तीच माणसं यांना हात करून, रस्ता ओलांडून तुझ्याकडे यायची. यांचा ब्रश भिजून तयार होईपर्यंत तुझा आख्खा बोर्ड छापून व्हायचा. ते गिळणं सोपं नव्हतं. म्हणून त्या दिवशी जेवायच्या वेळी ते बोलले, "याला वाढू नकोस." डाव माझ्या हातात होता. मी वाढलंच, पण तू उठला होतास, आणि मग मशीन घेऊन परगावीच गेलास.

आज जेवताना विचारत होते, "त्याच्या दुकानावरचा बोर्ड कसला आहे गं? छापलेला असणार." मी म्हटलं, मला काय माहीत. तर म्हणाले, "मला तरी कुठे जाणून घ्यायचंय?" एक फोटो पाठव. माझा फोन साधा आहे, म्हणून खाली मॅडमचा नंबर लिहिते. दोन शब्दही लिहू नकोस हवं तर. नुसता फोटो.

आई


९ फेब्रुवारी, सोमवार

टिंब्या,

आता लपवण्यात अर्थ नाही. पाय कापायचा आहे.

सर्जन आज बसून बोलले माझ्याशी. भला माणूस आहे. म्हणाले, गुडघ्याखाली कापला तर आशा आहे. जंतू रक्तात उतरला की मग हातात काही राहणार नाही. अजून दोन-तीन दिवस थांबता येईल, त्यापुढे नाही. हे सगळं यांना सांगून झालं. त्यांनी कागद हातात घेतला, वाचला आणि परत दिला.

"डॉक्टरसाहेब, तुम्हीच म्हणालात मी रेझिस्टंट आहे. मग थोडा धीर धरा की. माझं अंगच त्याला संपवेल."

सर्जनने माझ्याकडे पाहिलं. मी सलाइनच्या स्टँडकडे पाहिलं. बोलायची वेळ तीच होती, आणि मी गप्प बसले. मला त्यांची भीती वाटत नव्हती. तो चेहरा उतरलेला मला बघायचा नव्हता.

मॅडमनी आम्हा कामगारांसाठी भिंतीवर शब्दांचा एक कागद लावलाय. रिपोर्ट मराठीतही द्यायचे ठरलेत, तर आम्हालाही शब्द कळावेत म्हणून. जंतू जिथे वाढतो ते 'माध्यम'. जंतू ज्याच्या अंगात राहतो तो 'यजमान'. आम्ही बायकांनी त्या दिवशी पोट धरधरून हसून घेतलं. एकजण म्हणाली, बरोबरच आहे, आमचे यजमान म्हणजे आयते बसून खाणारे जंतूच, नाव चुकून उलटं पडलंय. आता तो कागद वाचवत नाही. ताटल्या ओतताना त्याच्याकडे पाठ करून उभी राहते.

त्याच कागदावर आणखी दोन शब्द आहेत. औषधं दोन जातींची असतात. 'जंतुनाशक' म्हणजे जंतू मारून टाकणारं. 'जंतुरोधक' मारत नाही, नुसती वाढ थांबवतं, आणि उरलेलं काम अंगाने करायचं. अंगात ताकद नसली तर औषध काढल्याबरोबर वाढ पुन्हा सुरू.

बाबांचं ते 'वाढू नकोस' मी इतकी वर्षं पहिल्या जातीचं समजत होते. तूही तेच समजलास. मला आता तसं वाटत नाही. जो माणूस सलाइनचे थेंब बघून टिंब टिंब म्हणतो, त्याच्या आत काही मेलेलं नाही. थांबलंय फक्त.

तू ये आणि त्यांना सांग. माझं ते ऐकणार नाहीत, म्हणतील तू जंतूंना जेवू घालणारी, तू त्यांच्याच बाजूची. तुझ्यावर चिडतील, ओरडतील, पण ऐकतील. ये रे. एवढंच मागते.

आई


१२ फेब्रुवारी, गुरुवार

टिंब्या,

तू आला नाहीस, म्हणून मीच सांगितलं.

परवा दुपारी जेवण झाल्यावर खुर्ची खाटेजवळ ओढली आणि म्हटलं, "अहो, रेझिस्टंट तुम्ही नाही. तो जंतू आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे औषध त्याच्यावर चालत नाही. सगळ्यांना रेझिस्टंट म्हणजे कुठलंच धड चालत नाही."

 त्यांनी शेजारच्या खाटेकडे पाहिलं. ती रिकामी होती, तो माणूस आदल्या दिवशी चालत घरी गेला होता.

"आणि त्याला सेन्सिटिव्ह निघालं ते?"

"ते चांगलं असतं."

"मी त्याची समजूत घालत होतो गं," म्हणाले. आणि हसले. मीही हसले. वॉर्डातले लोक बघायला लागले इतके हसलो आम्ही. मग त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

"हो."

"मग मला मिरवू का दिलंस?"

"बरं वाटत होतं तुम्हाला."

"वाटत होतं खरं," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. संध्याकाळी माझ्याशी बोलले नाहीत, सर्जनशीही नाही. माझा जीव टांगणीला लागला. वाटलं, कशाला सांगितलं? आता हा माणूस हट्टाने नाही, पण दुःखाने 'नको' म्हणणार.

आणि काल तुझा फोटो आला.

मॅडम स्वतः जिना चढून वर आल्या. यांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, माझा चष्मा ओढून घेतला. मला वाटलं, ओळखतात की नाही कोण जाणे. आणि एकदम म्हणाले, "हा हाताने रंगवलाय."

"काय सांगता?"

"मला शिकवू नकोस. हा ब्रश आहे, मशीन नाही. काना बघ, वरती भरलेला आणि खाली निमुळता. हे मी शिकवलंय त्याला." मॅडमनाही दाखवलं. "फ्लेक्सच्या दुकानावर हाताने रंगवलेला बोर्ड! वेडा आहे का हा?"

मग बोट स्क्रीनवर ठेवून एकेक अक्षर वाचायला लागले. 'फ्लेक्स प्रिंटिग'. तिथे थांबले.

"प्रिंटिंगला टिंबं दोन. याने एकच दिलंय." आणि मग असे खदाखदा हसले की नर्स धावत आली. "टिंब्याने टिंब विसरावं! अहो बाई, लहानपणापासून याचं कामच एक होतं!"

फोन सोडायला तयार नव्हते. मॅडमही घाई न करता उभ्या राहिल्या. मग यांनी आपणहून सर्जनना बोलावून तो कागद मागितला. सही केली ती बोर्ड रंगवावा तशी, वळण राखून, आणि सहीखाली टिंब दाबून दिलं. मला म्हणाले, एका पायाने शिडी चढता येत नाही, पण नंबरप्लेटा बसून रंगवता येतात.

आणखीही एक म्हणाले, तुझ्याबद्दल. ते मी लिहीत नाही. तू आलास की त्यांच्याच तोंडून ऐक.

उद्या सकाळी ऑपरेशन आहे.

आई


१४ फेब्रुवारी, शनिवार

टिंब्या,

ऑपरेशन झालं. पाय गेला, ते शुद्धीवर आहेत. पण लघवी कमी होते आहे. ते एक औषध जंतूशी लढतंय आणि त्याच वेळी मूत्रपिंडांचं वाटोळं करतंय. थांबवलं तर जंतू, चालू ठेवलं तर हे. डॉक्टरांनी चालू ठेवलंय.

लांबवून लिहीत नाही. निघ. असशील तसा निघ.

आई


२० फेब्रुवारी, शुक्रवार

टिंब्या,

तुझे बाबा सोमवारी दुपारी गेले. तुला माहीत आहे. मॅडमनी तुला लगेच मेसेज केला होता आणि त्याखाली दोन निळ्या खुणा आल्या, त्या त्यांनी मला दाखवल्या. म्हणजे तू वाचलंस. मॅडम घरी भेटायला यायच्या, तेव्हा त्या खुणांकडे मी मंगळवारी पाहिलं, बुधवारी पाहिलं. तू आला नाहीस.

मला राग आला. इतका राग आयुष्यात कुणाचा आला नसेल. फोटो पाठवायला हात उठतो आणि गाडीत बसायला पाय उठत नाही? घरी आलेल्या लोकांनी विचारलं, मुलगा कुठे आहे, तर मी सांगितलं, वाटेत आहे. खोटं बोलायला जीभ अडखळली नाही याचाही राग आला.

काल कामावर गेले. सगळे म्हणाले, इतक्यात कशाला? पण घरात बसून भिंतीवरची त्यांनी केलेली ती ब्रश पुसायची रंगीत खूण किती वेळ बघायची? ताटल्या ओतल्या. दोन ताटल्यांत बुडबुडे राहिले, त्या बाजूला काढल्या.

त्यांच्या रक्तात जंतू उरलाय का, ते बघायची शेवटची बाटली रविवारी लावली होती. बाटली पाच दिवस उबेत ठेवतात. माणूस मधेच गेला म्हणून कुणी ती आधी काढत नाही. आज पाच दिवस पुरे झाले. मॅडम मला सांगायला टाळत होत्या, तेव्हा मीच विचारलं. त्यांनी रिपोर्ट पुढे केला. त्यावर लिहिलंय, 'वाढ नाही.'

आमच्याकडे याहून चांगला रिपोर्ट नसतो. हे दोन शब्द आले की लोक हात जोडतात, काहीजण आम्हाला पेढ्यासारखं काहीबाही आणून देतात. रक्तात जंतू राहिलेला नव्हता. औषधाने आपलं काम केलं होतं, फक्त तोवर मूत्रपिंडं राहिली नव्हती. मॅडम म्हणाल्या, "ताई, आपण हरलो नाही तसे."  बाईंना रडू येत होतं आणि त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, म्हणून त्या म्हणाल्या.

मी त्या दोन शब्दांकडे बघत बसले. वाढ नाही. आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसलं, माझ्या हातातला डाव दिसला, आणि उठून जाणारी तुझी पाठ दिसली. तेव्हा लक्षात आलं की तू न येण्याचं कारण मला कधीपासून ठाऊक आहे. तू रागावून थांबलेला नाहीस. तुला वाटतंय की त्या घरात तुला वाढायचं नाही असं जो म्हणाला होता तो आता गेला, आणि शब्द मागे घ्यायला कुणी उरलं नाही. तू शरमेने थांबला आहेस.

म्हणून आता ते लिहिते. त्यांच्या तोंडून ऐकवायचं म्हणून मी दाबून ठेवलं होतं, ते माझं चुकलं. सही करून झाल्यावर त्यांनी मॅडमना फोन परत दिला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तो आला की त्याला आधी वाढ. जेवल्यावर दाखवीन त्याला टिंबाची चूक. उपाशी पोटी माणसाच्या चुका काढू नयेत."

बस, एवढंच. मोठ्याने म्हणाले. सर्जनने ऐकलं, मॅडमनी ऐकलं, नर्सने ऐकलं. सगळ्या वॉर्डासमोर शब्द मागे घेतला त्यांनी, टिंब्या. तू यायला हवा होतास.

एक मला विचारायचंय. ते टिंब तू विसरलास, की ठेवलंस? पूर्वी ते तुझ्यासाठी ठेवायचे, तसं तू त्यांच्यासाठी ठेवलं असशील, असं मला वाटतं. त्यांना मी तसं सुचवलंही होतं. ते म्हणाले, "छे, विसरलाय गाढव." पण त्यानंतर बराच वेळ स्वतःशीच हसत होते. खरं काय ते मला येऊन सांग. पत्रात लिहू नकोस.

त्यांचा बारीक ब्रश मी रॉकेलमध्ये धुऊन ठेवलाय. जाताना घेऊन जा आणि ते टिंब दे.

घरात मी एकटीच असते. तुझं ताट मी वाढून झाकून ठेवणार नाही. वाढलेलं तसंच राहिलं की त्यात काय काय वाढतं, ते दिवसभर बघत असते मी. तू ये. दारात तुझ्या चपला वाजल्या की गरम करीन, आणि वाढीन.

आई